ब्रिना बसेना

गुरुवारपासून ब्रिना बसत नव्हती. बसावे म्हणून ती मागचे पाय दुमडी आणि पार्श्वभाग भूमीला टेकतो न टेकतो तोच निखाऱ्यावर पाऊल पडल्यागत उसळून उभी राही. स्वतःभोवती दोन फेरे घेऊन ती मान वळवून शेपटीच्या मुळाकडे क्षणभर संशयाने पाही, आणि पुन्हा बसण्याचा तोच निष्फळ उद्योग आरंभी. शुक्रवारी तिने अंगणातल्या दगडी फरशीवर पुढच्या दोन पायांनी स्वतःला ओढीत मागचे अंग घासत नेले, तेव्हा झ्वानेची बायको फूमा हसत सुटली होती.

"बघ रे झ्वाने, तुझी लाडकी अंगण झाडतेय. मला एक काम कमी!"

झ्वाने हसला नव्हता. एकाहत्तर वर्षांच्या त्या मनुष्याने आयुष्यातले साठ हेमंत मिर्ना नदीच्या काठच्या ओक-अरण्यात कुत्र्यांच्या मागून चालण्यात घालवले होते. त्या अरण्याच्या काळ्या मातीत, मुळांच्या जाळ्याखाली, पांढरा ट्रफल, सोन्याच्या मोलाने विकले जाणारे सुगंधी भूछत्र, दडलेला असतो. मनुष्याच्या नासिकेला त्याचा ठाव लागत नाही. तो लागतो केवळ शिकवलेल्या कुत्र्याला. म्हणून त्या खोऱ्यात कुत्रे म्हणजे घरातले एक माणूसच. ते आजारी पडले की घरातले बोलणे हलक्या आवाजात होऊ लागते, आणि ते गेले की शेजारीपाजारी टोपी काढून दाराशी उभे राहतात.

झ्वानेच्या दाराशीही सहा वर्षांपूर्वी असे उभे राहिले होते. तेव्हा त्याची आधीची कुत्री अस्त्रा गेली होती. पहाटे रानात शिरली ती धावत, आणि परतली ती त्याच्या खांद्यावर. तोंडाला फेस, अंगाला कंप, डोळे उघडे. वाटेच्या कडेला कोणीतरी विष भरलेला मांसाचा तुकडा टाकून ठेवला होता. दुसऱ्याचे कुत्रे मेले की त्याच्या वाट्याचे रान आपल्याला मोकळे, असा हिशेब करणारी माणसे त्या खोऱ्यात पूर्वीपासून होती. त्यांची नावे मात्र कोणाला कधी कळत नसत. त्या पहाटे झ्वानेच्या पुढे त्याच वाटेने एकच मनुष्य गेला होता, फेरुचो, त्याच्या मुलीचा बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता आणि त्याचा बालमित्र. झ्वानेने त्याच्यावर आरोप केला नाही. त्याच्याशी बोलणे तेवढे थांबवले. ते थांबले ते थांबलेच.

त्यानंतर दोन वर्षांनी ब्रिना आली, ओंजळीत मावणारे तपकिरी कुरळे पिल्लू. झ्वानेने तिच्या संदर्भात एक व्रत घेतले आणि चार वर्षे ते निष्ठेने पाळले. फाटकाबाहेर पाऊल पडण्यापूर्वी तिच्या तोंडाला मुसके चढायचे. अन्न केवळ त्याच्या हातचे, तेही दुधात भिजवलेला मऊ पाव, मक्याच्या पिठाची पातळ पेज, गाळून घेतलेले कोंबडीचे सूप. हाड नाही, मांसाचा तुकडा नाही. घन पदार्थाची आणि रस्त्यावर सापडेल अशा वस्तूची तिला चवच कळू नये, हा त्यामागचा विचार. दातांना काम पडेल असे काहीही त्याने तिच्या मुखात जाऊ दिले नव्हते.

"अरे, दात पडलेल्या पाद्रीबाबांना वाढतात तसं वाढतोस तिला," फूमा म्हणायची.

"पाद्रीबाबांना कोणी विष घालत नाही," झ्वानेचे उत्तर ठरलेले असे.

सोमवारी उजाडताच तो तिला घेऊन रानात गेला. जावयास नको होते, हे त्याला मनातून कळत होते. परंतु हंगाम ऐन भरात होता, आणि घरी बसून तिच्या त्या फेऱ्या पाहणे त्याला असह्य झाले होते. कालव्याशेजारच्या जुन्या ओकाखाली ब्रिना थांबली. तिचे नाक मातीला टेकले, शेपूट ताठ झाली, पुढच्या पंजांनी तिने पाने उडवली. झ्वानेचा जीव क्षणभर भांड्यात पडला. त्याने कमरेचे खुरपे काढले. एवढ्यात तिने उकरणे अर्ध्यावर सोडले, एक चमत्कारिक किंकाळी फोडली आणि ती स्वतःच्या शेपटीमागे गरगर फिरू लागली. मुसक्याच्या जाळीतून लाळ गळत होती. अंग थरथरत होते. त्याने तिला उचलले, तेव्हा कोटाच्या जाड कापडातूनही तिच्या देहाची उष्णता त्याच्या छातीला जाणवली.

ती थरथर त्याला परिचयाची होती. फरक एवढाच की त्या वेळी खांद्यावर अस्त्रा होती.

घरी फूमा ऑलिव्ह तोडायला निघण्याच्या घाईत होती. ब्रिनाला पाहताच तिने टोपली खाली ठेवली.

"काय झालं रे?"

"तेच."

"तेच म्हणजे?"

"अस्त्राचं. तेच, फूमा. कोणीतरी घातलंय तिला."

"कसं घालेल? तू तर तिला बाहेरचं पाणीसुद्धा पिऊ देत नाहीस." ती ब्रिनाला घोंगडीत गुंडाळता गुंडाळता थबकली. तिच्या मनात काहीतरी आले आणि ते तिने गिळून टाकले, हे झ्वानेने पाहिले.

"बोल."

"काही नाही रे. काल संध्याकाळी फेरुचो आला होता फाटकाशी."

"फेरुचो?"

"आत नाही आला. नुसता उभा राहिला. ब्रिना अंगणात ढुंगण घासत होती तिच्याकडे बघत होता. तू खिडकीत आलास, तुझं लक्ष ब्रिनाकडे होतं, तसा तो निघून गेला."

"आणि हे तू मला आत्ता सांगतेस?"

"मग कधी सांगू? सहा वर्षं झाली, त्याचं नाव काढलं की तू ताटावरून उठतोस. आता हातही न लावता कसं विष घातलं असेल त्याने, बघून?"

फाटकाच्या गजांतून एखादी वस्तू आत टाकायला कितीसा वेळ लागतो, एवढाच विचार झ्वानेच्या डोक्यात घुमत होता. तो उठला, बसला, पुन्हा उठला, आणि मागच्या दाराने कोठारात गेला.

कोठारातल्या वरच्या फळीवर, गंजलेल्या सापळ्यांच्या मागे, त्याच्या वडिलांच्या वेळचा एक पत्र्याचा डबा होता. कोल्ह्यांसाठी आणलेल्या विषाचा; आता तसले काही विकत मिळत नाही आणि घरात ठेवणेही गुन्हा आहे. झ्वानेने तो साठ वर्षांत कधी उघडला नव्हता. त्या सकाळी उघडला. आढ्याला फूमाने केलेले सॉसेज वाळत होते. एक तोडून त्याने त्याला सुरीने खाच पाडली. त्यापुढे त्याच्या हातांनी जे केले ते डोळ्यांनी धड पाहिले नाही. पाच मिनिटांनी तो फेरुचोच्या परसामागच्या दगडी भिंतीपाशी उभा होता. फेरुचो कॉफी घेऊन झाल्यावर आपली म्हातारी कुत्री पेर्ला हिला याच परसात मोकळी सोडतो, हे गावात सर्वांना ठाऊक होते. भिंतीपलीकडच्या गवतात काहीतरी मऊसर पडल्याचा आवाज झाला. समोरच्या चर्चच्या मनोऱ्यावर आठ वाजले.

परतताना त्याने दोनदा मागे पाहिले. कोणी नव्हते. तरीही त्याची पावले धावू पाहत होती आणि तो त्यांना मोठ्या कष्टाने आवरीत होता.

"कुठे गेला होतास?" फूमाने विचारले. तिने ब्रिनाला गाडीत मागच्या बाजूला निजवले होते. अर्थात निजवले तरी ती निजली नव्हती, अवघडून उभी होती.

"पाय मोकळे करायला."

"पाय मोकळे करायची वेळ आहे का ही? तिला घेऊन बुझेतला जा, जनावरांच्या डॉक्टरकडे."

"उपयोग नाही, फूमा. अस्त्राच्या वेळी—"

"अस्त्राच्या वेळी तासात सगळं संपलं होतं. ही चार दिवस उभी आहे. उपयोग नसला तर नसू दे, पण घरात येरझाऱ्या घालून माझं डोकं फिरवू नकोस. जा!"

तो गेला.

डॉक्टर लोरेताच्या प्रतीक्षागृहात एकच बाई होती, निवृत्त शिक्षिका आल्बा. तिच्या मांडीवरच्या वेताच्या पेटीतून एका गलेलठ्ठ नारिंगी मांजरीचे गाल दोन्ही बाजूंनी बाहेर आले होते.

"काय झालं बिचारीला?" आल्बाने विचारले.

"विष."

"अरे देवा!" तिने पेटी जवळ ओढली. परंतु गप्प राहणे तिच्या प्रकृतीत नव्हते. "माझ्या मुत्सीचं तसं काही नाही हो. हिच्या मागच्या पिशव्या तुंबतात. दोन-दोन महिन्यांनी रिकाम्या करून घ्याव्या लागतात. परवा पलंगावर उडी मारली आणि तिथेच फुटली की एक! तो वास... मासळी कुजली तर बरी म्हणायची. माझा नवरा उशी घेऊन स्वयंपाकघरात झोपायला गेला, तो अजून तिथेच आहे."

झ्वाने ऐकत नव्हता. तो भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होता. साडेनऊ. फेरुचोची कॉफी झाली असेल. तो उठून खिडकीपाशी गेला, तिथून दाराशी, दाराहून पुन्हा खिडकीपाशी. ब्रिनाही त्याच्या पायापाशी तशाच फेऱ्या घालत होती.

"तुम्ही दोघंही बसा की जरा," आल्बा म्हणाली.

डॉक्टर लोरेता चाळिशीतली, बाह्या कोपरापर्यंत गुंडाळलेली, हसरी आणि धिम्या हाताची होती. तिने ब्रिनाला मेजावर घेतले, तोंड उघडून हिरड्या पाहिल्या, डोळ्यांत प्रकाश टाकला, पोट चाचपले. नंतर ती वळसा घालून दुसऱ्या टोकाला गेली आणि तिने शेपूट उचलली.

"अहो डॉक्टर, तिकडे काय बघता?" झ्वाने कासावीस होऊन म्हणाला. "पोट धुवा तिचं. विष पोटात आहे."

"बार्बा," खोऱ्यात वडीलधाऱ्या पुरुषाला म्हणतात तसे ती म्हणाली, "विष आहे हे कोणी सांगितलं?"

"मी सांगतो. साठ वर्षं कुत्री सांभाळतोय."

"मग चार दिवसांत एकदा तरी शेपटी उचलून बघायची होती." तिने हातमोजा चढवला. "इकडे या. डोकं धरा तिचं. आणि हे बघा."

झ्वानेने पाहिले. गुदद्वाराच्या डाव्या बाजूला, जरासे खाली, कातडीखाली अक्रोडाएवढा लालबुंद उठाव होता; त्याच्या माथ्यावरची त्वचा ताणून पातळ आणि जांभळी झाली होती. डॉक्टरने बोट नुसते जवळ नेले तोच ब्रिना विव्हळली.

"विष नाही हे. गळू आहे," डॉक्टर म्हणाली. "कुत्र्याला नि मांजराला इथे दोन्ही बाजूंना एक-एक पिशवी असते, चण्याएवढी. तिच्यात एक उग्र पाणी साचतं. शी करताना ती पिळली जाते आणि रिकामी होते. ज्याचं त्याचं पाणी वेगळं. कुत्री एकमेकांच्या मागे हुंगतात ना, ती हेच वाचत असतात. पण रिकामी झाली नाही की पाणी घट्ट होतं, तुंबतं, पिकतं. ताप येतो, बसता येत नाही, दुखण्याने लाळ गळते. उजवी बाजू नुसती तुंबली आहे, डावी मात्र पिकली आहे. हिला गुंगी देते आणि उघडते. नाक धरायचं तर धरा."

गुंगी चढल्यावर डॉक्टरने पात्याचे टोक लावताच खोलीत तो वास पसरला. कुजके मासे, गंजलेले लोखंड, तळघरातली बंद हवा हे सारे त्यात होते. आणि आयुष्यभर सुगंधाच्या मागे फिरलेल्या त्या वृद्धाला वाटले की इतका स्पष्ट, इतका खरा वास आपण अनेक वर्षांत घेतला नाही. चार दिवस तो तिच्याभोवती होताच. पाशवी म्हणून, ओंगळ म्हणून, आपण नाक दुसरीकडे वळवले होते. पू वाहून गेला. मिठाच्या कोमट पाण्याने डॉक्टर पोकळी धुऊ लागली, पुन्हा पुन्हा. नंतर उजव्या पिशवीतला दाट, मलमासारखा मळ तिने हलकेच पिळून काढला.

"ब्रिना..." त्याने हाक मारली. गुंगीतच तिचा एक कान हलला.

"जगणार हो बार्बा. आठवड्यात रानात पळेल. रोज शेकायचं, औषध द्यायचं. आता मला सांगा, खायला काय घालता हिला?"

झ्वानेने सांगितले, आणि सांगताना त्याच्या आवाजात अजूनही जुना अभिमान होता. दुधातला पाव. पेज. गाळलेले सूप.

डॉक्टरचा हात थांबला. "रोज? किती दिवस?"

"पहिल्यापासून. चार वर्षं. म्हणजे... विषाची भीती असते ना. बाहेरचं काही तिने तोंडात घेऊ नये म्हणून."

"आणि शी कशी होते?"

"पातळच."

"तिथेच आहे सगळं. पातळ शीला जोर कसला? पिशव्या पिळल्याच गेल्या नाहीत कधी. भोपळा घाला, कोंडा घाला, मांस घाला. दातांना काम द्या, पोटाला काम द्या." मग तिचा स्वर मवाळ झाला. "रागवू नका, बार्बा, पण बाहेरच्या कोणी काही केलं नाही हिला. तुमच्या पेजेने केलंय."

झ्वाने आपल्या हातांकडे पाहत राहिला. भिंतीवर पावणेअकरा झाले होते.

"फोन," तो म्हणाला. "फोन कुठे आहे तुमचा?"

सहा वर्षांत फिरवला नसलेला तो क्रमांक त्याच्या बोटांना पाठ होता. पलीकडे घंटी वाजू लागली. वाजत राहिली. वीसदा, तीसदा. त्याने ठेवला, पुन्हा फिरवला. मग घरचा फिरवला. परंतु फूमा ऑलिव्हच्या झाडांत होती. डॉक्टर काही विचारणार, तोच तो दाराबाहेर पडला होता.

"कुत्री इथेच राहू दे!" त्याने बाहेरून ओरडून सांगितले, "येतो मी!"

बुझेतपासून गाव फार दूर नव्हते. त्या दिवशी मात्र ते मागे मागे सरकत होते. वळणावर ऑलिव्हच्या पेट्या लादलेला एक ट्रॅक्टर पुढे आला आणि रस्ता सोडीना. झ्वानेने भोंगा वाजवला. ट्रॅक्टरवाल्याने हात हलवून नमस्कार केला. त्याने पुन्हा वाजवला. मनातल्या मनात तो फेरुचोच्या घरात शिरत होता: कॉफीचा पेला विसळला, दार उघडले, म्हातारी पेर्ला पायऱ्या उतरली, गवतात नाक घातले. इथे तो विचार तोडून टाकी, आणि तो पुन्हा पेल्यापासून सुरू होई. पेर्ला पिल्लू असताना तिला पहिला ट्रफल ओळखायला झ्वानेनेच शिकवले होते. जुन्या मोज्यात ट्रफलचा तुकडा घालून तो पुरायचा. तिने उकरून काढला की मोजा हाती घेऊन पावाची कड द्यायची. सापडलेले खायचे नाही, आणून द्यायचे आणि पाव घ्यायचा. तिला ते समजायला पंधरा दिवस लागले होते. फेरुचो कुंपणावर बसून हसायचा, "तुझ्यापेक्षा हुशार आहे रे ती, तुला शाळेत वर्ष लागलं असतं."

फेरुचोच्या घराशी पोचताच तो प्रथम परसामागच्या भिंतीकडे धावला. दगडावर पाय देऊन त्याने पलीकडे पाहिले. सकाळी तुकडा पडला होता तिथले गवत दबलेले होते. तुकडा नव्हता.

भिंतीला धरीत धरीत, वळसा घालून तो पुढच्या दाराशी आला. दार उघडेच होते.

फेरुचो स्वयंपाकघरात मेजापाशी बसला होता. सहा वर्षांत तो बराच वाळला होता. त्याच्यासमोर वर्तमानपत्राच्या कागदावर खाच पाडलेले सॉसेज होते, टोकाशी तांबड्या दोऱ्याची दुहेरी गाठ. त्या खोऱ्यात प्रत्येक घरचा दोरा वेगळा आणि गाठ वेगळी. फूमाची गाठ डोळे मिटून ओळखता यावी अशी होती. झ्वानेने खाच पाडली, विष भरले, भिंतीपलीकडे फेकले, आणि गाठ सोडायचे त्याला सुचलेच नव्हते.

"पेर्ला कुठे आहे?" त्याच्या तोंडून शब्द फुटले.

"आधी बस."

"कुठे आहे ती, फेरुचो?"

मेजाखालून नखांचा आवाज झाला. पांढऱ्या झालेल्या भिवयांची म्हातारी पेर्ला हळूहळू बाहेर आली, झ्वानेच्या बुटाशी पोचली, हुंगली आणि शेपूट हलवू लागली.

झ्वाने चौकटीला टेकला.

"खाल्लं नाही तिने," फेरुचो म्हणाला. "उचललं, आणलं, माझ्या पायाशी ठेवलं आणि पावासाठी तोंडाकडे बघत राहिली. जसं तू शिकवलं होतंस तसं. नळाखाली धरून तिचं तोंड दहादा धुतलं मी. दोन तास नुसता तिच्याकडे बघत बसलोय, कधी थरथरते म्हणून."

"मी फोन केला होता."

"वाजत होता."

"मग उचलायचा नाहीस?"

"तूच असणार हे ठाऊक होतं. उचलला असता तर तू फोनवर सांगून मोकळा झाला असतास. मला बघायचं होतं, तोंडाने सांगायला येतोस का."

झ्वानेने सांगितले. उभ्या उभ्या, अडखळत, डब्यापासून गळवापर्यंत सर्व. पेजेचेही सांगितले, ते सांगताना त्याला सर्वांत अधिक लाज वाटली. फेरुचो ऐकत होता. मध्ये एकदा त्याच्या ओठांवर हसू आल्यासारखे झाले आणि विझले.

"गळू आहे हे मी सांगितलं असतं की तुला," तो म्हणाला. "पेर्लाला दोन वर्षांपूर्वी हेच झालं होतं. असंच ढुंगण घासत होती. काल रस्त्यावरून जाताना ब्रिनाला पाहिलं, म्हटलं जाऊन सांगावं, डॉक्टरकडे ने म्हणावं. फाटकाशी आलो. तेवढ्यात तू खिडकीत आलास. तुझं तोंड बघितलं आणि परत फिरलो."

"हाक मारायची होतीस."

"सहा वर्षांपूर्वी मारली होती. अस्त्राचा खड्डा खणून झाल्यावर. आठवतं? अर्धा खड्डा मी खणला, आणि तू माझ्या हातातलं फावडं काढून घेतलंस."

झ्वानेला आठवत होते.

"ते मी केलं नव्हतं, झ्वाने."

"माहीत आहे."

"नाही, तुला माहीत नाही. तुला आज वाटतंय तसं. उद्या सकाळी काय वाटतंय ते बघ." त्याने कागदाच्या कडा सॉसेजवर दुमडल्या, पुडके काचेच्या बरणीत ठेवले आणि झाकण घट्ट लावले. "एक विचारतो. डॉक्टर म्हणाली असती की विषच आहे, तर आला असतास?"

स्वयंपाकघरात चुलीवरचे पाणी तेवढे खदखदत होते. झ्वानेने दाराबाहेर पाहिले, पेर्लाकडे पाहिले. कुठेही दृष्टी ठरेना. खोटे बोलणे सोपे होते, आणि फेरुचोने ते कदाचित मान्यही केले असते.

"नाही," तो म्हणाला.

फेरुचोने बराच वेळ मान हलवली. होकाराची नव्हे, नकाराचीही नव्हे.

"ही बरणी मी डॉक्टरकडे नेऊन देतो. तो डबाही आण, तुझ्या बापाचा. आज. फूमाला सांगून आण, चोरून नाही."

"आणतो."

"आणि हिचं देणं राहिलंय." त्याने पेर्लाकडे बोट केले. "हिने शोधून आणलं. मी पाव दिला नाही. माल ज्याचा त्याने द्यायचा."

झ्वानेचा हात सवयीने कोटाच्या खिशात गेला. ब्रिनाला तो ती देत नसे, तरी जुन्या वळणाने पावाची कड तिथे नेहमी असे, त्या दिवशीही होती. ती त्याने बाहेर काढली, आणि त्याचे त्यालाच भय वाटले. त्याच खिशातून सकाळी सॉसेज गेले होते. त्याने ती कड फेरुचोपुढे मेजावर ठेवली. फेरुचोने तीही बरणीत टाकली आणि टोपलीतला ताजा पाव काढून सुरीने त्याचा कडक टोकाचा तुकडा कापला.

"आधी हात धू."

झ्वानेने मोरीवर जाऊन हात धुतले. साबण लावला, नखांच्या कडा घासल्या, कोपरापर्यंत पाणी घेतले. पुसले, पुन्हा धुतले. ओल्या तळव्यावर फेरुचोने पावाचा तुकडा ठेवला. झ्वाने वाकला, गुडघ्यांवर आला, आणि त्याने हात पुढे केला.

पेर्ला त्याच्यासमोर मागच्या पायांवर नीट, स्वस्थ बसली होती. तिने नाक पुढे आणले. पावाला ते लागले नाही. ते त्याच्या मनगटावरून, अंगठ्याच्या मुळापासून, बोटांच्या बेचक्यांतून सावकाश फिरले, जणू एखादे जुने पत्र ती ओळीओळीने वाचीत होती. मग तिने मान वळवून फेरुचोकडे पाहिले. पाव तसाच तळव्यावर राहिला.

"अजून एकदा धू," फेरुचो म्हणाला.

झ्वाने उठला आणि पुन्हा मोरीकडे गेला. मागे पेर्ला बसून वाट पाहत होती.